घड्याळाला हाताची हालचाल कळते, पण कारण कळते का?

सप्टेंबर २०२५ मध्ये मेटा या कंपनीने अमेरिकेत ७९९ डॉलरचा एक नवा चष्मा जाहीर केला. त्याच्या काचेत छोटा पडदा आहे आणि सोबत मनगटावर बांधायचा पट्टा मिळतो. अंगठा आणि बोट जुळवले किंवा अंगठा बोटावरून सरकवला, की पट्ट्याला ते कळते आणि चष्मा तसे काम करतो. त्याआधी २०२३ मध्ये ॲपलच्या आणि २०२४ मध्ये सॅमसंगच्या घड्याळात अशीच सोय आली होती. घड्याळ बांधलेल्या हाताची चिमूट दोनदा जुळवायची की फोन उचलला जातो किंवा गजर बंद होतो.

या बातम्या येऊ लागल्यापासून माझ्या दवाखान्यात काही प्रश्न वरचेवर विचारले जातात. "बाबांचा हात थरथरतो. घड्याळ घेऊन दिलं तर पार्किन्सन्स आहे का ते कळेल का?" "आईला अर्धांगवायू झालाय, असा पट्टा तिच्या उपयोगाचा आहे का?" विचारणारी मुले बहुतेक वेळा पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असतात आणि आईवडील गावी. दिवाळीला घड्याळ भेट मिळते, फोनवर आलेख दिसू लागतात आणि मग काळजी सुरू होते.

थोडक्यात उत्तर असे. मनगटावरच्या यंत्राला हात कसा हलला ते चांगले कळते. तो का हलला, किंवा का हलला नाही, ते कळत नाही. उपचार मात्र त्या 'का' वर ठरतो. म्हणून हे यंत्र नोंदवही म्हणून वापरा, निदान करणारा डॉक्टर म्हणून नको. हे नीट कळावे म्हणून आधी एक अनुभव सांगते.

सरांची चिमूट

आमच्या तालुक्याच्या गावातले एक निवृत्त शिक्षक. ओळख पटेल असा तपशील बदलून, त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे. ते रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला आले होते. निघता निघता म्हणाले, "मॅडम, मुलानं दिलेलं घड्याळ बिघडलंय. आधी चिमटी केली की गजर बंद व्हायचा, आता होत नाही. दुकानात दोनदा दाखवलं. त्यांच्या हातावर नीट चालतं, माझ्याच हातावर चालत नाही." त्यांनी पट्टा घट्ट केला होता, घड्याळ पुन्हा सुरू करून पाहिले होते. शेवटी नवीन घ्यायचे ठरले होते.

मी त्यांना खाली बसवले आणि डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी मोठी उघडून झटपट दहा-पंधरा वेळा जुळवायला सांगितली. पहिल्या दोन-तीन वेळा बोटे नीट उघडली. मग प्रत्येक वेळी अंतर कमी होत गेले, वेग मंदावला आणि मध्येच बोटे अडखळली. उजव्या हाताचे तसे होत नव्हते. तेवढ्यात सरांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, चालताना तुमचा डावा हात हलत नाही हल्ली, हे मी कधीची सांगतेय."

बोटे जुळवण्याची ही चाचणी जगभरचे न्यूरॉलॉजिस्ट हालचालीतला मंदपणा तपासायला वापरतात. योगायोग असा की घड्याळाची खूण म्हणजेही अंगठा आणि बोट जुळवणे. सरांची चिमूट इतकी लहान आणि मंद झाली होती की घड्याळाला ती चिमूट वाटत नव्हती. घड्याळ ठीक होते, हात बदलला होता.

इथे थांबलो असतो तर 'घड्याळाने पार्किन्सन्स पकडला' अशी बातमी झाली असती. पण मी मेजावर त्यांच्या सगळ्या गोळ्या काढायला लावल्या. रक्तदाबाच्या दोन होत्या. तिसरी 'गॅसची कॅप्सूल', सकाळी उपाशीपोटी, जवळपास वर्षभर चालू. कोणी दिली? "मागे पोट बिघडलं तेव्हा लिहून दिली होती. बरं वाटलं म्हणून मेडिकलमधून तीच आणत राहिलो." पाकिटावर दोन औषधांची नावे होती. एक आम्लपित्ताचे आणि दुसरे लेव्होसल्पिराइड.

लेव्होसल्पिराइड पोटाची हालचाल सुधारते, मळमळ कमी करते. पण ते डोपामिन या रसायनाची वाट अडवते. मेंदूत हालचाल सुरळीत ठेवायला डोपामिन लागते. तिथे ती वाट अडली की हातपाय मंदावतात, कडक होतात, कधी थरथरतात. दिसायला ते थेट पार्किन्सन्ससारखेच असते.

मी सरांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवले. त्यांच्या सल्ल्याने ती कॅप्सूल बंद झाली. काही महिन्यांत बोटे पुन्हा मोठी उघडू लागली, गजरही बंद होऊ लागला. तरीही न्यूरॉलॉजिस्टनी त्यांना दर सहा महिन्यांनी बोलावले आहे. कारण कधी कधी असे औषध आधीपासून दडलेला पार्किन्सन्स फक्त वर आणते आणि औषध थांबवूनही लक्षणे राहतात किंवा नंतर परततात.

त्यांचे घड्याळ, समजा, रोज आलेख काढत असते तरी त्याला कॅप्सूलचे पाकीट दिसले नसते. हा माझ्या आजच्या लेखाचा मुद्दा आहे.

यंत्राला खूण कळते कशी?

स्मार्टवॉचमध्ये दोन महत्त्वाचे सेन्सर असतात. एक्सिलरोमीटर वेगातला बदल मोजतो. तो गुरुत्वाकर्षणही ओळखतो, त्यामुळे हात टेबलावर पडला आहे की उभा धरला आहे ते कळते. जायरोस्कोप हात किती वेगाने फिरला ते मोजतो. किल्ली फिरवताना किंवा पेला तोंडाकडे नेताना मनगट वळते, ते या सेन्सरला दिसते. दोन्ही सेन्सर तीन दिशांनी, सेकंदाला अनेक वेळा मोजमाप घेतात.

पण बोटे हलली तर मनगटाला कसे कळते? डाव्या हाताने उजवे मनगट धरा आणि उजव्या हाताची मूठ उघडबंद करा. त्वचेखाली दोऱ्या सरकल्यासारखे वाटेल. बोटे हलवणारे बरेचसे स्नायू कोपराखालच्या भागात असतात आणि त्यांच्या शिरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. आपण बोलीत शिरा म्हणतो त्या या दोऱ्या म्हणजे रक्तवाहिन्या नव्हेत, स्नायूंची टोके आहेत. चिमूट करताना त्या ओढल्या जातात आणि मनगटाला अगदी बारीक हिसका बसतो. शिवाय तिथल्या रक्तप्रवाहात क्षणभर फरक पडतो, तो घड्याळाच्या पाठीवरच्या नाडी मोजणाऱ्या प्रकाशाला दिसतो.

मग संगणकाला हजारो लोकांच्या चिमटी, मुठी आणि साध्या हालचाली दाखवून शिकवले जाते. कोणता नमुना चिमटीचा, कोणता नुसता हात हलल्याचा. घड्याळ तुमच्या हालचालीचा छोटा तुकडा घेऊन शिकलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. जुळला तर खूण ओळखली, नाही तर सोडून दिली.

मेटाचा पट्टा थोडा वेगळा आहे. तो मुख्यतः हालचाल मोजत नाही, तर स्नायू आकुंचन पावताना निर्माण होणारी सूक्ष्म वीज त्वचेवरून टिपतो. छातीवर पट्ट्या लावून आपण ईसीजी काढतो तसाच हा प्रकार, फक्त हृदयाऐवजी हाताच्या स्नायूंचा. या तंत्राबद्दलचा शोधनिबंध जुलै २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. त्यात लोकांना बोटाने हवेत लिहिल्यासारखे करून मिनिटाला सुमारे २१ शब्द लिहिता आले.

एकच हालचाल, अनेक कारणे

आता थरथरीकडे वळू, कारण सगळ्यात जास्त भीती तिचीच असते.

पार्किन्सन्समधली थरथर बहुतेक वेळा हात निवांत मांडीवर असताना दिसते आणि सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होते. दुसरा फार मोठ्या प्रमाणावर आढळणारा प्रकार म्हणजे इसेन्शियल ट्रेमर. तो कप उचलताना, सही करताना, हात पुढे धरल्यावर दिसतो, अनेकदा घराण्यात असतो आणि सेकंदाला ४ ते १२ वेळा होतो. आकडे एकमेकांत मिसळलेले आहेत हे तुमच्या लक्षात आले असेल. म्हणजे नुसता थरथरीचा वेग मोजून निदान होत नाही.

याशिवाय हात थरथरण्याची साधी कारणे कितीतरी आहेत:

- दम्याची औषधे, विशेषतः सॅल्ब्युटामॉल
- थायरॉईड जास्त काम करणे, किंवा थायरॉईडची गोळी गरजेपेक्षा जास्त होणे
- फिटसाठी दिले जाणारे व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारासाठी दिले जाणारे लिथियम
- मधुमेहाच्या औषधांमुळे साखर एकदम खाली जाणे
- रोजची दारू अचानक बंद करणे
- अपुरी झोप, काळजी, दिवसभर चहा-कॉफी

याच वर्षात एक तिशीतला तरुण माझ्याकडे आला होता. फोनमधल्या कुठल्याशा ॲपने 'थरथर जास्त' दाखवले म्हणून आठ दिवस झोपला नव्हता. वजन उतरले होते, नाडी जलद होती, तळहात गरम आणि ओलसर. रक्ततपासणीत थायरॉईडचा आजार निघाला. ॲपने हालचाल बरोबर मोजली होती. घाबरला मात्र तो भलत्याच आजाराला.

उलट बाजूही पाहा. पार्किन्सन्सच्या सुमारे पाव रुग्णांना थरथर नसतेच. त्यांच्यात मंदपणा आणि स्नायूंचा कडकपणा असतो. कडकपणा तपासायला डॉक्टरांना तुमचा हात स्वतःच्या हातात घेऊन कोपरात, मनगटात हळूहळू वाकवून पाहावा लागतो. मनगटावर बसलेल्या यंत्राला तो असा जाणवत नाही. म्हणून 'घड्याळाने काही दाखवले नाही, म्हणजे काही नाही' हेही खरे नाही.

आणि घरातली रोजची कामे? जपमाळ ओढताना अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरतात. पार्किन्सन्सच्या थरथरीचे वर्णन करताना डॉक्टर 'गोळी वळल्यासारखी' म्हणतात, ती हालचाल दिसायला बरीच तशीच असते. ताक घुसळणे, मंजिरी वाजवणे, खडखडणाऱ्या एसटीत बसणे या सगळ्यात मनगट हलतच असते. चांगली यंत्रे यातला बराच भाग वगळायला शिकलेली असतात, पण हात त्या वेळी काय करत होता हे तुम्हीच सांगू शकता.

मग याचा उपयोग कुठे आहे?

ज्यांचे निदान आधीच झाले आहे त्यांच्यासाठी उपयोग नक्की आहे. पार्किन्सन्सचा रुग्ण डॉक्टरांपुढे पंधरा मिनिटे बसतो, तीही बहुधा औषध घेऊन आल्यावर. घरी पहाटे चार वाजता काय होते, दुपारी गोळीचा असर कधी उतरतो, हे त्या पंधरा मिनिटांत दिसत नाही. मनगटावरचे यंत्र दिवसभर सोबत असते.

ॲपलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या ३४३ रुग्णांच्या घड्याळातील नोंदी तपासल्या. थरथर, तसेच औषधाने होणाऱ्या नकळत हालचाली, असे दोन्ही त्यात मोजले होते. ज्यांच्या नोंदी डॉक्टरांनी पाहिल्या त्यांपैकी ९४ टक्के रुग्णांत त्या डॉक्टरांच्या अपेक्षेशी जुळल्या. मला महत्त्वाचे वाटतात ते उरलेले ६ टक्के. तिथे घरी काहीतरी वेगळे चालले होते आणि उपचार सुधारायला वाव मिळाला. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रून लॅब्स या कंपनीच्या अशाच एका ॲपला मान्यता दिली. तीही लक्षणांवर लक्ष ठेवण्यासाठी आहे, निदान करण्यासाठी नाही. जाहिरात वाचताना हा फरक विसरू नका.

दुसरी एक बातमी तुमच्यापर्यंत व्हॉट्सॲपवर पोचली असेल, 'घड्याळ सात वर्षे आधी पार्किन्सन्स ओळखते'. त्यामागे खरा अभ्यास आहे. ब्रिटनमध्ये २०१३ ते २०१६ या काळात एक लाखाहून अधिक लोकांनी एक आठवडा मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र घातले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की ज्यांना पुढे पार्किन्सन्स झाला त्यांच्या हालचाली निदानाच्या काही वर्षे, अगदी सात वर्षांपर्यंत, आधीपासून मंदावलेल्या होत्या. संशोधनासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण मंदावण्याला गुडघेदुखी, उदासी, वय अशी इतरही कारणे असतात. आणि हा आजार सुरू होण्याआधीच थांबवणारे औषध आजतरी नाही. त्यामुळे या आधारावर ठणठणीत माणसाने स्वतःची चाचणी करण्यात चिंतेपलीकडे हाती काही लागत नाही.

अर्धांगवायूनंतरचा हात

या तंत्राने मला सर्वात जास्त शिकवले ते अर्धांगवायूबद्दल.

निरोगी माणूस उजवा असो की डावखुरा, दिवसभरात दोन्ही हात जवळजवळ सारखाच वेळ वापरतो. एक हात पकडतो, दुसरा काम करतो. दोन्ही मनगटांवर सेन्सर बांधून हे मोजता येते. अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात कॅथरिन लँग यांच्या गटाने अर्धांगवायूच्या रुग्णांत असे मोजमाप केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात व्यायामानंतर रुग्णांचा हात दवाखान्यातल्या चाचणीत सुधारला. पण घरी त्या हाताचा वापर वाढलेला दिसला नाही.

हे वाचून मला कितीतरी घरे आठवली. फिजिओथेरपिस्टपुढे आजी डाव्या हाताने पेला उचलतात. घरी सून म्हणते, "राहू द्या आई, मी देते." मुलगा बटणे लावून देतो, नात घास भरवते. सगळे मायेनेच करतात. पण मेंदूला त्या हाताची गरज पडत नाही आणि जो हात हलू शकतो तोही हलायचा थांबतो. या 'न वापरण्याची सवय' लागण्याला वैद्यकात वेगळे नाव आहे आणि त्यावरचा उपचारही त्या हाताला पुन्हा कामाला लावण्याचाच आहे.

यासाठी घड्याळ विकत घेतलेच पाहिजे असे नाही. फिजिओथेरपिस्टशी बोलून त्या हाताची पाच कामे ठरवा. टॉवेल धरणे, पोळीचा तुकडा पकडणे, दिव्याचे बटण दाबणे, कपड्याची घडी घालताना एक टोक धरणे, डबा एका हाताने धरून दुसऱ्याने उघडणे. कॅलेंडरवर रोज खूण करा. घरात आधीच घड्याळ असेल तर काही दिवस ते अधू हातावर बांधून पाहायला हरकत नाही, पण फिजिओथेरपिस्टना आकडे दाखवताना कोणत्या हातावर होते ते सांगा. वेळ जास्त लागेल, सांडलवंड होईल. ती होऊ द्या.

ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी

कंपन्यांनी चिमटीची सोय सगळ्यांसाठी आणण्याआधी, २०२१ मध्ये, ॲपलने ती दिव्यांग वापरकर्त्यांसाठी आणली होती. ज्यांना एकच हात आहे, किंवा दुसऱ्या हाताने पडद्याला स्पर्श करता येत नाही, त्यांना मूठ वळून किंवा चिमूट करून घड्याळ चालवता येते. फोन उचलणे, मदतीला हाक मारणे एकट्याने जमणे याचे मोल अशा माणसालाच कळते.

स्नायूंची वीज टिपणाऱ्या पट्ट्यांकडून पुढे आणखी आशा आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या काही व्यक्तींची बोटे दिसण्याइतकी हलत नाहीत, पण हलवायचा प्रयत्न केला की स्नायूंत अगदी थोडी वीज उमटते. ती वाचून संगणक चालवता येतो का, यावर अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात काम सुरू आहे. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर हे लक्षात असू द्या, पण आजच्या फिजिओथेरपीच्या खर्चातून पैसे काढून त्यासाठी ठेवू नका.

बोलके हातमोजे आणि कर्णबधिर मूल

ठरावीक काळाने एक व्हिडिओ फिरतो: 'हातमोजा घाला, सांकेतिक भाषा आवाजात बदलेल.' २०१६ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांना असा मोजा बनवल्याबद्दल दहा हजार डॉलरचे बक्षीस मिळाले. कौतुक खूप झाले. पण कर्णबधिर लोकांनी आणि भाषातज्ज्ञांनी स्पष्ट आक्षेप घेतले. सांकेतिक भाषा नुसती हातांची नसते. भुवया, ओठ, मान, खांदे आणि हात शरीराजवळ कुठे आहे, या सगळ्यातून वाक्य बनते. भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. मोज्याला हे काहीच दिसत नाही.

पुन्हा तोच मुद्दा, हालचाल कळली म्हणजे अर्थ कळला असे नाही. तुमचे मूल कर्णबधिर असेल तर अशा यंत्राची वाट पाहत त्याची पहिली वर्षे वाया घालवू नका. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल कान-नाक-घसा तज्ज्ञांना लवकर भेटा आणि घरातल्या सगळ्यांनी सांकेतिक भाषा शिकायला सुरुवात करा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा कोश तयार केला आहे.

विकत घेण्यापूर्वी

- निदानासाठी घेऊ नका. निदान झालेल्या रुग्णाच्या नोंदीसाठी घ्यायचे असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा, "तुम्ही या नोंदी पाहणार आहात का?" उत्तर नाही असेल तर पैसे वाचवा.
- ॲपला थरथर मोजण्यासाठी वैद्यकीय मान्यता आहे का ते पाहा. 'फक्त आरोग्याच्या माहितीसाठी' असे बारीक अक्षरात लिहिले असेल तर ते तसेच समजा.
- खूण ओळखली जात नसेल तर आधी साधी कारणे पाहा: ढिला पट्टा, ओली त्वचा, हातमोजे, सांधेदुखी. पट्टा नीट बसवूनही तुमच्याच हातावर काही आठवडे चालत नसेल आणि दुसऱ्याच्या हातावर चालत असेल, तर हात डॉक्टरांना दाखवा.
- थरथरीच्या नोंदी हीसुद्धा आजाराची माहिती आहे. ॲप ती कोणाला देते ते वाचा. आपल्याकडे २०२३ मध्ये व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण 'मान्य आहे' हे बटण दाबणारे आपणच असतो.

डॉक्टरांकडे जाताना काय न्याल?

घड्याळाच्या आलेखापेक्षा मला पुढच्या चार गोष्टी जास्त उपयोगी पडतात आणि त्यांना खर्च नाही.

१. सगळी औषधे पिशवीत घालून आणा. गॅसची, चक्करेची, उलटीची, झोपेची, आयुर्वेदिक, 'कधीतरी घेतो' तीसुद्धा. लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही नावे पाकिटावर दिसली आणि ती दीर्घकाळ चालू असतील तर मुद्दाम सांगा. मनाने बंद मात्र करू नका. काही औषधे हळूहळू कमी करावी लागतात.

२. फोनवर एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या. हात मांडीवर निवांत, मग समोर ताणलेले, मग पाण्याचा पेला तोंडाकडे नेताना, मग दहा पावले चालताना.

३. कोऱ्या कागदावर एक ओळ लिहून घ्या आणि पाच वर्षांपूर्वीची वही किंवा जुन्या चेकवरची सही सोबत आणा. अक्षर बारीक होत गेले असेल तर ते लगेच दिसते.

४. निदान झालेले असेल तर तीन दिवसांची वही ठेवा. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, हात कधी सैल, कधी जड. घड्याळ असेल तर त्याचा आलेख या वहीशेजारी ठेवा. दोन्ही मिळून कामाचे होतात.

आणि घरच्या माणसाला बरोबर आणा. सरांचा हात चालताना हलत नाही हे त्यांच्या पत्नीने घड्याळाच्या आधी ओळखले होते.

इथे घड्याळाकडे पाहू नका

एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे जड झाले, तर कोणतेही ॲप उघडू नका. १०८ ला फोन करा किंवा रुग्णाला सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही जितके लवकर तितके चांगले. रुग्ण शेवटचा पूर्ण बरा कधी दिसला होता, ती वेळ लिहून ठेवा.

थरथर हळूहळू वाढत असेल, एकाच बाजूचा हात मंद झाला असेल, चालताना पाय घासत असतील, तर घाबरून रात्री धावपळ करायची गरज नाही. पण येत्या एक-दोन आठवड्यांत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. गरज असेल तर तेच तुम्हाला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतील.

मी जनरल प्रॅक्टिस करणारी डॉक्टर आहे. माझ्याकडे मनगटाची वीज वाचणारा पट्टा नाही. तुम्ही समोर बसलात की मी हात हातात घेऊन तो वाकवून पाहते, बोटे जुळवायला सांगते आणि औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावते. घड्याळ आणलेत तर तेही पाहीन. फक्त ते पिशवीच्या नंतर.